तालमीतले साठ जण

मार्गशीर्ष लागला की लातुरातल्या आमच्या घरासमोरच्या मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात. शाळांचे सामने जवळ आलेले असतात. सकाळी ऊन कोवळं असतं, गवतावर दव असतं आणि त्या दवात ती पांढरी फक्की भिजून तिचा एक कोरा, नव्या रंगवलेल्या भिंतीसारखा वास येतो. मी ऐंशी ओलांडली आहे. डोळे अधू झालेत, कान तर सोयीपुरतेच ऐकतात. नाक मात्र अजून नोकरीवर आहे. तो वास आला की मला रजई अंगावरून बाजूला करवत नाही. बाकीची थंडी रजईत मावते, पण ती एक थंडी काही मावत नाही.

परवा त्याच वासात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. क्रीडा खात्याकडून आली होती. सरकार खेळाचं नवं धोरण ठरवतंय, म्हणून गावोगावच्या जुन्या जाणत्यांकडून माहिती गोळा करतात म्हणे. तिच्या हातात छापील फॉर्म होता. कोणता खेळ, कुठे खेळतात, कोण शिकवतं, किती जण. मी चष्मा पुसला आणि ते रकाने वाचले. रकाने तेच होते. भाषा तेवढी बदलली होती.

“बस, बाई,” मी म्हणालो. “चहा घे. मला जरा वेळ लागेल.”

वेळ म्हणजे साठ वर्षं, हे तिला कसं सांगणार?

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि एका वस्तानिया शाळेत, म्हणजे हल्लीच्या भाषेत मिडल स्कूलमध्ये, ड्रिल मास्तर होतो. मूळचा नांदेडचा. नेमणूक मिळाली ती अहमदपूर-उदगीर वाटेवरच्या एका मोठ्या खेड्यात. तो मुलूख तेव्हा बीदर जिल्ह्यात होता आणि आम्ही सगळे निजाम सरकारच्या अमलात. तिकडे जगात मोठी लढाई पेटलेली, इकडे आमच्या शाळेत एक फुटबॉल होता आणि त्याला भोक होतं. त्या भोकावर चांभाराकडून तीनदा ठिगळ मारून झालेलं. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, असा मी मोठ्या ऐटीत गावातून हिंडायचो. सरकारी नोकर होतो ना! आईनं निघताना बजावलं होतं, “मान खाली घालून नोकरी कर, कुणाच्या अध्यात नको, मध्यात नको.” आईचं मी आयुष्यात एवढं एकच ऐकलं, आणि तेच ऐकायला नको होतं.

गावात एक तालीम होती. महताब वस्तादांची. वस्ताद जातीचे पिंजारी. दिवसा घरोघर जाऊन कापूस पिंजायचे, आणि पहाटे व दिवस मावळताना तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. उंच, रोडके, दाढी मेंदीची. कुस्तीगिरासारखे दिसायचेच नाहीत, पण हात हातात घेतला की कळायचं. तालमीत एका कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, समोरच्या कोनाड्यात पिराच्या नावाचा हिरवा कपडा आणि मधे मातीचा हौदा. मराठ्यांची पोरं, तेल्याची, कुंभाराची, अत्ताराची, सगळी त्या हौद्यात एकमेकांना आपटायची आणि बाहेर आली की सारखीच लाल दिसायची. आमच्याकडची माती काळी. ती अंगाला चिकटते, सुकली की दगड होते. कुस्तीची तांबडी माती उदगीरकडून गाडीनं आणायची, मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून मुरवायची.

वस्तादांकडे वही नव्हती. नाव घालायचं म्हणजे पोरानं आपल्या दारातली ओंजळभर माती आणायची. काळी असो, मुरमाड असो. वस्ताद ती हौद्यात टाकायचे, हातानं कालवायचे आणि त्या पोराचं नाव एकदा मोठ्यानं घ्यायचे. झालं, तो तालमीचा. नागपंचमीला हौदा उकरायचे तेव्हा वस्ताद खोरं चालवत चालवत ज्यांची ज्यांची माती त्यात होती त्यांची नावं म्हणत जायचे. त्यात जिती माणसं असायची तशी मेलेलीही असायची. मी एकदा विचारलं, मेलेल्यांची कशाला? तर म्हणाले, “मानूस गेलं तरी माती काढून देता येती का वो, मास्तर?”

मी रोज संध्याकाळी तिथं जायचो. आत मात्र कधी गेलो नाही. उंबऱ्यात उभा राहून बघायचो. शेरवानी उतरवून लंगोट लावायचा म्हणजे उद्या वर्गात पोरं हसतील, आणि शिवाय सरकारी नोकर. वस्ताद दर चार दिवसांनी म्हणायचे, “या की आत. एक ओंजळ माती घिऊन या, बाकी मी बगतो.” मी हसून म्हणायचो, “आणतो, आणतो.” दार मात्र ते माझ्या पाठीमागून लावून घ्यायचे. घामाच्या अंगाला वारा लागू नये म्हणून दार आतून लावतात, हे मला त्यांनीच शिकवलं. मी उंबऱ्यात, पाठीला दार लागलेलं, समोर तो गरम, आंबूस, हळदीचा वास. आत येणाऱ्याला वाट द्यायची तेवढं काम माझ्याकडे होतं.

दिवाळी झाली आणि वरून गश्ती आली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. सरकारनं रयतेच्या तब्येतीसाठी आणि खेळांसाठी नवं धोरण आखायचं मनावर घेतलं होतं. भाषा मोठी गोड होती. शाळेत कोणते खेळ, शाळेबाहेर कोणते, कुठे, कोण शिकवतं, रोज किती वाजता जमतात, जागा कशी आहे, हे सगळं एका तख्त्यात, म्हणजे आखलेल्या कागदात, भरून पाठवायचं. शेवटी एक ओळ होती: जिथं पन्नासाहून जास्त माणसं येतात अशा जागांना सरकारी मदत द्यायचा विचार होईल.

तालमीचं छप्पर गळत होतं. पावसाळ्यात हौद्याचा चिखल व्हायचा. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. तख्ता भरायचं काम ड्रिल मास्तर म्हणून माझ्याकडे आलं आणि मी बोरू करकर चालवत, माझ्या सुंदर उर्दू अक्षरात, तो भरला. तालमीत तेवीस जण होते. मी मोजले होते. मदत पन्नासाच्या वर. एकावन्न लिहिलं तर संशय यायचा. मी साठ लिहिले.

आपल्याकडं हे पाप कुणी मानत नाही. लग्नाला किती पानं विचारलं की शंभराची दीडशे सांगतो, जनावरांच्या मोजणीला म्हशी कमी सांगतो. जे मिळायचं तिथं वाढवायचं, जे जायचं तिथं घटवायचं. सरकार मिळायच्या बाजूचं आहे की जायच्या, एवढंच ओळखायचं असतं. मला ते ओळखता आलं नाही. वर मोठ्या हौसेनं तपशील घातले. वेळ: पहाटे व दिवस मावळताना. जागा: एक खोली, एक दार. आणि शेवटी, आपल्याला किती आतलं माहीत आहे हे दाखवायला, लिहिलं: दार आतून बंद करून घेतात.

आता कुणालाही दिसेल मी काय लिहून दिलं ते. त्या दिवसांत चार माणसं एकत्र बसली तरी सरकारच्या कपाळाला आठी पडायची. अखाडे, तालमी, लाठ्या यांच्यावर तर डोळाच होता. आणि मी सांगितलं की एक माणूस रोज दोनदा साठ तरण्याबांड पोरांना दार आतून लावून जमवतो. मला मात्र तख्ता पाठवल्यावर स्वप्नात नवं छप्पर दिसत होतं.

हुरड्याच्या दिवसांत अमीन आला. अमीन म्हणजे फौजदार. सोबत दोन शिपाई. संध्याकाळची वेळ, मी नेहमीसारखा उंबऱ्यात. त्याच्या हातात माझा तख्ता होता. माझी निळी शाई मी लांबून ओळखली. सगळी पोरं हौद्याच्या कडेला उभी केली, मोजली. तेवीस.

“बाकीचे कुठं आहेत?” अमीनानं विचारलं.

“बाकी कोन, सरकार?” वस्ताद म्हणाले. “हायत तेवढे हे.”

अमीनानं तख्ता वाचायला घेतला. साठ आदमी. पहाटे आणि दिवस मावळताना. दार आतून बंद. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि वस्तादांनी मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग पुन्हा अमीनाकडे पाहून हात जोडले. मी तेव्हा स्वतःला समजावलं की ते दाराकडे बघत होते.

हुकूम सुटला. साठांची नावं लिहून द्यायची. तोवर वस्तादांनी रोज दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चावडीवर हजर राहायचं. बसून राहायचं, बस्स. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं बसवलं.

ज्यानं कधी कुणाला बसवलेलं पाहिलं नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं. पण थंडी हाच तर पिंजाऱ्याचा हंगाम. एरवी त्या दिवसांत गावभर वस्तादांच्या पिंजणीची तात वाजायची, टंग टंग टंग, आणि अंगणात कापूस उडायचा. त्या वर्षी गाव मुकं होतं. लोकांच्या गाद्या-रजया ढेकळं झालेल्या तशाच. माझी स्वतःची रजई, आईनं नांदेडहून दिलेली, मी हुकुमाच्या चार दिवस आधीच पिंजायला टाकली होती. तिचा कापूस वस्तादांच्या घरात आणि वस्ताद चावडीवर. मागायला कोणत्या तोंडानं जाऊ? दोन धोतरं आणि एक पोतं पांघरून मी तो पौष काढला. थंडीनं कुडकुडायचो आणि बरं वाटायचं, काहीतरी शिक्षा आपल्यालाही होतेय म्हणून. हाही एक लबाडपणाच.

आणि फुटबॉलचं मैदान चावडीच्या पलीकडं होतं. शाळेच्या नियमाप्रमाणे रोज दुपारी पोरांना रांगेत तिकडं न्यायचं. चावडीवरून जाताना सरकारी जागेचा मान म्हणून ‘दायें देख’ करून सलाम ठोकायचा. उजवीकडे चावडी, चावडीच्या पायरीवर वस्ताद. रोज मी ओरडायचो, “दायें देख!” आणि चाळीस पोरं खाडकन मान वळवून वस्तादांना सलाम करायची. वस्ताद दाढीतल्या दाढीत हसायचे आणि कपाळाला हात लावून सलाम परत करायचे.

एकदा तेल्याच्या पोरानं विचारलं, “मास्तर, आपन वस्तादाला सलाम करून राहिलो का?”

“सरकारला,” मी म्हणालो.

“सरकार कुटं बसलंय तितं?”

त्याला मी मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. पोरगं आनंदानं पळालं.

दुसरी वाट नव्हती का? होती. मी ती शोधायला गेलोही. हेडमास्तर म्हणजे निवृत्तीला आलेले, सज्जन, सतत खोकणारे गृहस्थ. त्यांना एका दुपारी सगळं सांगितलं. “आकडा माझा आहे, साहेब. चुकला असं लिहून देतो.”

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, “लिहून द्या. खोटा तख्ता दिला म्हणून तुम्ही जाल. सही माझी आहे, मी जाईन. ते जाऊ द्या. पण अमीन काय म्हणेल? म्हणेल, आधी साठ होते, आता मास्तरालाही फितवला. आकडा एकदा वर गेला की खाली येत नाही, बाबा. तुम्ही तेवीस म्हणालात की सदतीस लपवले असाच अर्थ होणार.”

मी म्हणालो, “मग वस्तादांनी करायचं काय?”

“सदतीस माणसं पैदा करायची,” ते म्हणाले आणि पुन्हा खोकू लागले.

मला आजही ठरवता येत नाही की त्यांचं म्हणणं खरं होतं की मला ते खरं वाटायला हवं होतं. नाण्याच्या दोन बाजू बघत बसलं की नाणं उचलावं लागत नाही. मी उचललं नाही. भ्यालो. सोप्या मराठीत एवढंच.

पुढं आयुष्यभर मी खेळाच्या खात्यातच राहिलो. राज्य बदललं, भाषा बदलली, मी नांदेडला गेलो, लातूरला आलो. किती समित्या पाहिल्या. धोरण कसं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. वर एक टेबल असतं, त्याच्याभोवती बहुधा भली माणसं असतात. त्यांना सगळ्यांचं चांगलंच करायचं असतं. पण टेबलावर हौदा आणता येत नाही, म्हणून कागद मागवतात. खाली माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो आणि वरच्याला काय आवडेल याचा अंदाज घेत तो कागद भरतो. वरचे त्या कागदाला देश समजतात. एका वर्षी आम्हाला हॉकीच्या काठ्या आल्या, मैदान नव्हतं. एका वर्षी मैदान मिळालं, तर त्यावर बाजार भरायला लागला. प्रत्येक वेळी कागद बरोबरच होता. मी समितीत हे बोललो की लोक हसायचे. मीही हसायचो.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस, भर दुपारी, वस्ताद माझ्या खोलीच्या दारात आले. काखेत रजई. पिंजलेली, भरलेली, फुगलेली.

“घ्या मास्तर, लई उशीर झाला,” ते म्हणाले. “काल सुटका झाली. मुचलका दिला, तालीम बंद ठिवतो म्हून. कुलूप लावलं त्यांनी.”

“सुटलात कसे?” मी विचारलं.

“नावं दिली.”

“कुणाची?”

“तेवीस तर हायतच. मग बसल्या बसल्या हौदा उकरला. मनातल्या मनात. रामा तेली, पटकीत गेला. इसाक, त्यो रेनापूरकडं मेला. लिंबाजी, इहिरीत पडला. आसं करत करत छत्तीस निघाले. खोटं न्हाई सांगितलं. त्यायची माती हाय की आत.”

अमीनानं नावं मोजली होती, माणसं नाही. पुढं महिनाभर शिपाई त्या छत्तिसांना शोधत गावोगाव फिरले. एका म्हातारीनं तर त्यांना ओढ्याकाठी नेऊन नवऱ्याला जाळलेली जागा दाखवली आणि म्हणाली, उठवा, तुमचं ऐकत असला तर.

पण ते पुढचं. तेव्हा मी दारात उभ्या वस्तादांकडे बघत मनात बेरीज करत होतो. तेवीस आणि छत्तीस, एकोणसाठ.

वस्तादांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. “हाव, येक कमी पडला,” ते म्हणाले. “अमीनसाब बोलला, साठावा कोन? तुमचं नाव जिभंवर आलं व्हतं, मास्तर.”

मी पांघरायचं पोतं त्यांना बसायला पुढं सरकवलं, पण ते उभेच राहिले.

“दार आतून कामून लावतेत, ते मी तुमालाच तर सांगितलं व्हतं. दुसऱ्या कुनाला ठावं हाय?” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. “तुमचं नाव घेतलं असतं तर तवाच सुटलो असतो. सरकारी मास्तरच तालमीतला म्हनल्यावर गोष्ट तुमच्यावर गेली असती. पन खोटं कसं बोलू? तुमी माती कुटं आनली व्हती?”

त्यांनी रजई उंबऱ्यावर ठेवली.

“साठावा मीच म्हनलं,” ते म्हणाले आणि गेले.

त्या रजईत मी तो उरलेला हिवाळा झोपलो. तिच्याइतकी ऊबदार रजई मला पुन्हा मिळाली नाही आणि तिच्यात मला एकही रात्र झोप आली नाही. कुलूप काही वर्षांनी निघालं, राज्य गेलं तेव्हा. पण त्या उलथापालथीत आमच्या भागातल्या मुसलमान घरांवर फार वाईट वेळ आली. वस्ताद लेकीकडं बीदरला गेले ते परत आले नाहीत. मी तालीम बघायला गेलो होतो. छप्पर खाली आलं होतं. हौद्यातली माती वाळून, भेगाळून गेली होती आणि तिच्यातली तांबडी कुठली, काळी कुठली ते ओळखू येत नव्हतं. खिशात मी माझ्या दारातली ओंजळभर माती नेली होती. टाकायला हात पुढं केला. नाव घेणारं कुणी नव्हतं. तशीच परत आणली.

“सर, चहा गार झाला,” ती क्रीडा खात्याची मुलगी म्हणाली.

मी तिला खेळाचं नाव सांगितलं, जागा सांगितली. आमच्या समोरच्या मैदानाच्या कोपऱ्यात हल्ली एक पोरगा लहान मुलांना कुस्ती शिकवतो, मॅटवर. ती म्हणाली, “किती जण येतात?”

“थांब,” मी म्हणालो. काठी घेतली, मैदानापर्यंत गेलो, बोटानं एकेक मोजलं. दोनदा मोजलं. परत आलो. “चौदा.”

“सर, थोडे वाढवून लिहू या का? आकडा मोठा असला की वर लक्ष जातं. मदत मिळते.” भली पोर होती. माझ्यासारखीच.

“चौदा,” मी म्हणालो. आवाज बहुतेक फार चढला असावा, कारण आतून सूनबाई बाहेर आली.

तिनं मुकाट्यानं चौदा लिहिलं. मग शेवटच्या रकान्यापाशी थांबली. “सदर खेळाशी आपला संबंध,” तिनं वाचलं. “प्रशिक्षक, खेळाडू की संघटक? सर, तुम्ही तर सगळंच असाल.”

बाहेर पोरं एकमेकांना आपटत होती. फक्कीचा वास येत होता.

“नाही,” मी म्हणालो. “लिही, उंबऱ्यात उभा होता.”